घसरगुंडी

मराठी भाषेने घसरण्यावर फार अन्याय केला आहे. पाय घसरतो, जीभ घसरते, भाव घसरतात, मुलांचे गुण घसरतात. आणि एखाद्याविषयी नुसते ‘तो घसरला’ एवढे बोलून आपण गप्प बसलो, तरी ऐकणारा पुढचे सारे आपापल्या मनाने समजून घेतो. चढण्याला मात्र केवढा मान! गड चढायचे, पायऱ्या चढायच्या, नोकरीत वर चढायचे. वीस वर्षे वर्गात मराठी शिकवताना मला या बिचाऱ्या क्रियापदाची पुष्कळदा कीव आली आहे. त्याच्या वंशावळीत भल्या घरचा असा एकच शब्द मला सापडला, आणि तो म्हणजे घसरगुंडी. हा शब्द उच्चारताना माणसाच्या तोंडावर आपोआप हसू येते. पण तोही आपण दहा वर्षांच्या आतल्या मुलांना देऊन टाकला आहे. बागेत नातवाला घसरगुंडीवर बसवणारे आजोबा स्वतः कधी तिच्यावर बसत नाहीत; फार तर खाली हात पसरून उभे राहतात.

मला स्वतःला मोठ्या माणसांच्या घसरगुंड्यांचे विलक्षण वेड आहे. म्हणजे बर्फावरच्या खेळांचे. हे वेड मनालीच्या किंवा गुलमर्गच्या माणसाला असते, तर त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. पण मी सोलापूरची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, आणि डांबरी रस्ता ओलांडताना चप्पल मागे राहून पाय तेवढा पुढे येतो. लहानपणी बर्फ म्हणजे कारखान्यातून भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून आणलेली लादी. आईस्क्रीमच्या लाकडी पिंपात तिचे तुकडे आणि खडेमीठ भरायचे आणि घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने दांडा फिरवायचा. पिंपात जाण्यापूर्वी त्या लादीवर अनवाणी कोण जास्त वेळ उभे राहते, ही आम्हां भावंडांची हिवाळी स्पर्धा. ती अर्थातच ऐन उन्हाळ्यात होई.

पुढे घरात दूरदर्शन आले आणि त्यावर अधूनमधून परदेशी खेळांचे तुकडे दिसू लागले. १९८८ सालच्या कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमधली, लाल-काळ्या पोशाखात बर्फावर नाचणारी पूर्व जर्मनीची कातारिना विट मी कधीतरी अशीच पाहिली. एवढा मोठा पांढरा पृष्ठभाग, त्यावर एकटी बाई, आणि तिला मुळी चालावेच लागत नाही! मग दिवाळीच्या आधी आई शहाबादी फरशी सोड्याच्या पाण्याने धुऊन काढी, तेव्हा ती वाळायच्या आत मी दादाचे पायमोजे चढवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून ओसरीपर्यंत कातारिना विट होत असे. ‘पडशील कार्टे, दात पाडून घेशील,’ असे आई ओरडे. दात शाबूत राहिले. वेडही राहिले.

या वेडात एक उणीव मात्र होती. ही सारी माणसे फार दूरची. ऑस्ट्रियाची, फिनलंडची, नॉर्वेची. त्यांचा पराक्रम पाहताना जीव हरखे, पण कुणासाठी धडधडत नसे. ते धडधडणे १९९८ साली सुरू झाले.

त्या वर्षी फेब्रुवारीत जपानमधल्या नागानो येथे हिवाळी ऑलिंपिक भरले. मी तेव्हा कॉलेजात होते. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर, क्रिकेटच्या सामन्याखाली, बारीक टायपात एक बातमी होती: शिव केशवन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा ल्यूज या खेळात भारतातर्फे उतरला आहे, आणि संपूर्ण स्पर्धेत भारताचा तो एकटाच खेळाडू आहे. ऑलिंपिकमध्ये ल्यूज खेळणारा तोपर्यंतचा सर्वांत लहान खेळाडूही तोच. त्याचा क्रमांक आला अठ्ठाविसावा.

मी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. अप्पा दाढी करीत होते. आमचे अप्पा हायस्कुलात गणिताचे शिक्षक. कुणाच्याही कुठल्याही पराक्रमाची वार्ता त्यांच्या कानावर गेली, की त्यांचा एकच प्रश्न असे: ‘कितवा?’ चुलतभाऊ पोहण्याच्या शर्यतीत उतरला, कितवा? शेजारची मुलगी गाण्याच्या परीक्षेला बसली, कितवी? दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीचा दिवस आमच्या घरी सणासारखा. त्या दिवशी चारचार वर्तमानपत्रे विकत घेतली जात, आणि यादीत आमच्या घरचे कुणी नसले तरी ती अथपासून इतिपर्यंत वाचली जाई. त्यामुळे त्या दिवशी त्यांनी साबणाच्या फेसातून विचारले, ‘किती जणांत?’ मी म्हटले, ‘चौतीस.’ त्यांनी वस्तरा हनुवटीवरून काळजीपूर्वक खाली आणला आणि म्हणाले, ‘हं.’

या ‘हं’मध्ये सारे आले. पण मला तो मुलगा आवडून गेला होता.

त्याच्याविषयी मिळेल ते मी कात्रणे काढून जमवू लागले. जन्म १९८१ चा, मनालीजवळच्या वशिष्ठ गावातला; वडील केरळचे, आई इटलीची. शिक्षण सनावरच्या शाळेत. १९९६ साली ऑस्ट्रियाचे माजी ल्यूजपटू ग्युंटर लेमरर नवे खेळाडू हुडकायला भारतात आले आणि पंचकुला येथे त्यांनी शिबिर घेतले. ही मंडळी बर्फाचा खेळ शिकवायला आली होती, पण पंचकुलात बर्फ कुठला? तेव्हा ढकलगाड्यांना चाके लावून मुलांना डांबरी रस्त्यावरून सोडण्यात आले. त्याच सुमारास मुलांना ‘कूल रनिंग्ज’ हा चित्रपटही दाखवला होता. कॅलगरीच्या ऑलिंपिकला गेलेल्या जमैकाच्या बॉबस्ले संघावरचा तो विनोदी चित्रपट. उष्ण देशातल्या माणसांनी बर्फावर जावे आणि जगाने हसावे, ही गोष्ट पडद्यावर पाहूनही या पोराला त्यात पडावेसे वाटले, हे मला फार भावले.

आता ल्यूज म्हणजे काय, ते सांगायला हवे. कारण आमच्या स्टाफरूममध्ये मी हा शब्द काढते, तेव्हा एक सहकारी दर वेळी नव्याने विचारतात. ल्यूज हा फ्रेंचांचा शब्द, अर्थ साधी ढकलगाडी. वीस-पंचवीस किलोंची ती पाट्यासारखी गाडी, खाली पोलादाच्या दोन निरुंद पट्ट्या. तिच्यावर उताणे झोपायचे, पाय पुढे आणि डोके मागे. सुरुवातीला दोन दांड्यांना धरून स्वतःला पुढे फेकायचे, हातमोज्यांच्या बोटांना बारीक खिळे असतात त्यांनी बर्फ ओरबाडून वेग घ्यायचा, आणि मग पडून राहायचे. पुढचा हजार-तेराशे मीटरचा बर्फाचा नागमोडी पाट तासाला १२०-१३० किलोमीटरच्या वेगाने अंगाखालून जातो. ब्रेक नाही. वळवायचे ते पोटऱ्यांनी पट्ट्यांच्या टोकांवर किंचित दाब देऊन आणि खांदा जरासा खाली टेकवून. वळणावर अंगावर आपल्या वजनाच्या चार-पाच पट भार येतो, आणि तशात मान तोलून धरायची. पुढे काय आहे ते पाहायला मान जास्त उचलली, तर वारा अडतो आणि वेळ जातो. म्हणजे जो अधिक पाहील तो मागे पडेल, आणि भीतीने अंग आवळून धरील तोही मागे पडेल. अंग सैल सोडायचे, तेही मृत्यूच्या इतक्या जवळ. योगशास्त्रातल्या शवासनाला एवढी कठीण परीक्षा कुणी लावली नसेल.

मोजमाप सेकंदाच्या हजाराव्या भागात. नागानोलाच स्त्रियांच्या शर्यतीत चार फेऱ्यांची बेरीज केल्यावर जर्मनीची सिल्के क्राउशार आपल्याच देशाच्या बार्बरा नीडर्नहुबरपेक्षा दोन हजारांश सेकंदांनी पुढे ठरली आणि सुवर्णपदक घेऊन गेली. पोलादी पट्ट्या गरम केल्या तर त्या जास्त घसरतात, म्हणून शर्यतीपूर्वी त्यांचे तापमान तपासतात. १९६८ साली ग्रनोब्लला पूर्व जर्मनीच्या तीन बायकांना याच कारणावरून स्पर्धेतून काढले होते. पाहा, इथेही शेवटी कॉपी आहेच! ते वाचल्यापासून परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण करताना मला हटकून त्या तीन बायका आठवतात.

या शास्त्रशुद्ध जगात आमचा हा मुलगा हिमालयाच्या रस्त्यांवर सराव करून येत असे. भारतात कृत्रिम बर्फाचा पाट नव्हता. तेव्हा गाडीला चाके लावायची आणि घाटातून उताणे पडून सुटायचे. समोरून ट्रक येणार, मध्येच मेंढ्यांचा कळप आडवा येणार. त्या सरावाची चित्रफीत मी पाहिली आहे. मेंढ्यांच्या पायांच्या उंचीवरून एक माणूस सूं करून निघून जातो आणि मेंढ्या बापड्या मागे वळून पाहतात.

२००९ साली मी मनालीला गेले, ती एका यात्रा कंपनीच्या सहलीबरोबर. रस्त्याकडेच्या दुकानात क्रमांक घातलेले फरचे कोट आणि गमबूट भाड्याने मिळाले. मला मिळालेल्या कोटात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. बर्फाशी गाठ पडली तेव्हा माझे वय तीस होते. एका स्थानिक मुलाने मला लाकडी ढकलगाडीवर बसवले आणि वीसेक फूट उतारावरून सोडले. त्या वीस फुटांत मी मोठ्याने किंचाळले, असे सहलीतल्या इतर बायकांनी नंतर सांगितले. मला आठवते ते एवढेच, की खाली आल्यावर बर्फात पडल्यापडल्या वरचे आकाश फार निळे दिसले आणि उठावेसे वाटेना. परतताना टॅक्सीवाल्याला विचारले, ‘शिव केशवन सराव करतो, तो रस्ता कुठला?’ त्याने स्टिअरिंगवरचा हात उचलून समोर दाखवले. ‘हाच की, मॅडम.’ बाकीच्या बायका खिडकीतून सफरचंदाच्या बागा पाहत होत्या. मी डांबर पाहत बसले. खड्डे पुष्कळ होते.

त्याचे क्रमांक मी क्रमाने सांगते, कारण अप्पांनी ते विचारलेच असते. १९९८ नागानो, अठ्ठाविसावा. २००२ सॉल्ट लेक सिटी, तेहेतिसावा. २००६ तुरिन, पंचविसावा. २०१० व्हँकुव्हर, एकोणतिसावा. २०१४ सोची, सदतिसावा. २०१८ प्याँगचांग, चौतिसावा. सहा ऑलिंपिक, वीस वर्षे, आणि पदक एकही नाही. आशियाई स्पर्धांत त्याने सुवर्णपदके मिळवली, त्यातले २०११ चे तर नागानोच्याच पाटावर. २०२० साली अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण ऑलिंपिकचा तक्ता हा असा. गंमत म्हणजे याच काळात इटलीचा आर्मिन झ्योगेलर याच खेळात, याच पाटांवरून, १९९४ ते २०१४ पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला आणि सहाही वेळा पदक घेऊन गेला. एकाच उताराच्या दोन कथा. आईचे माहेर इटली असलेल्या मुलाला त्या देशाच्या प्रशिक्षणाची, यंत्रशाळांची आणि पगारी खेळाडूंची वाट दिसत नव्हती असे नाही. त्याने भारताचे नाव सोडले नाही.

‘भाग घेणे महत्त्वाचे, जिंकणे नव्हे,’ असे अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मला ते वाक्य आवडत नाही. ते आपण नेहमी शेजाऱ्याच्या मुलाला ऐकवतो. आपल्या मुलाला ऐकवताना कुणी दिसत नाही. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. वारीत कितवा आलास असे कुणी विचारत नाही, हे खरे. पण ल्यूज ही वारी नव्हे. तिथे खाली घड्याळ बसलेले असते आणि ते हजारांशापर्यंत खरे बोलते. ज्याला ते सत्य नको असेल त्याने दुसरा छंद धरावा. केशवनने दर चार वर्षांनी त्या घड्याळापुढे जाऊन आपला हिशेब मांडला आणि आलेले उत्तर खिशात घालून पुढच्या चार वर्षांची तयारी सुरू केली. मी एकदा बेरीज केली. सहा ऑलिंपिकमधल्या त्याच्या सगळ्या फेऱ्या मिळून वीस-बावीस मिनिटांच्या पुढे जात नाहीत. आमची कॉलेजातली तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची. त्याची सारी ऑलिंपिक कारकीर्द माझ्या अर्ध्या तासिकेत बसते, आणि तेवढ्यासाठी वीस वर्षे!

व्हँकुव्हरच्या वेळी मात्र मला हे वेड नकोसे झाले होते. १२ फेब्रुवारी २०१० रोजी, उद्घाटनाच्याच दिवशी, सरावात जॉर्जियाचा एकवीस वर्षांचा नोदार कुमारिताश्विली पाटाबाहेर फेकला गेला आणि पोलादी खांबावर आपटून गेला. दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. पुरुषांची सुरुवात खालच्या, बायकांच्या जागेवरून करायचे ठरले. तेवढाच वेग कमी. त्या रात्री मी झोपू शकले नाही. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, आणि बागेतल्या घसरगुंडीवरही मी त्याचा हात धरूनच त्याला उतरवू लागले. केशवन शर्यतीला उभा राहिला, हे मी सकाळी वाचले.

सोचीची गोष्ट निराळी. आंतरराष्ट्रीय समितीने २०१२ च्या डिसेंबरात भारतीय ऑलिंपिक संघटनेला निलंबित केले होते, म्हणून ७ फेब्रुवारी २०१४ ला आपले तीन खेळाडू ऑलिंपिकच्या पांढऱ्या ध्वजामागून चालले. निलंबन उठले ते ११ तारखेला. केशवनची शर्यत ९ तारखेलाच संपली होती. पण सोची माझ्या ध्यानात राहिले ते सरावातल्या एका फेरीमुळे. त्या फेरीत तो एका वळणानंतर गाडीवरून पडला. माणूस बर्फावर, गाडी शेजारी, दोघेही त्याच वेगात खाली चाललेले. त्याने गाडी हातातून सोडली नाही. ओढत घेतली, अंग वर फेकले, पुन्हा उताणा झाला आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुढचे वळण घेतले. सगळे काही क्षणांत. ती चित्रफीत तेव्हा जगभर पाहिली गेली. मीही पाहिली, किती वेळा ते सांगत नाही.

२०१७ च्या डिसेंबरात अप्पा न्हाणीघरात घसरले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, तीही चांगली झाली. डॉक्टर म्हणाले, आता उभे राहायचे, चालायचे. घरात वॉकर आला. पण अप्पा उठेनात. आज नको, उद्या पाहू, कळ येते, चक्कर येते. कळ नव्हती, भीती होती; ते आम्हांला कळत होते आणि आम्हांला कळते हे त्यांनाही. चाळीस वर्षे फळ्यासमोर ताठ उभे राहिलेले माणूस छताकडे पाहत पडून राही. ‘घसरणे’ हा शब्द आम्ही घरातून हद्दपार केला होता. सोन्याचा भाव ‘उतरला’ असे म्हणायचो.

११ फेब्रुवारी २०१८, रविवार. प्याँगचांगला पुरुषांच्या शर्यतीचा दुसरा दिवस, आणि केशवनचे हे शेवटचे ऑलिंपिक. मी आणि मुलगा अप्पांच्या खोलीतच मोबाइल घेऊन बसलो होतो.

‘काय पाहता रे?’ अप्पांनी विचारले.

मुलाने मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. उताण्या माणसांचा खेळ उताण्या माणसाने पाहायला सुरुवात केली. अप्पांनी आधी पाटाची लांबी विचारली. साडेतेराशे मीटरच्या आसपास, असे नातवाने सांगितले. वेळ विचारली, एकोणपन्नास सेकंदांच्या आसपास. छताकडे पाहत त्यांनी मनाशी भागाकार केला. ‘सरासरी ताशी शंभराच्या जवळ,’ ते म्हणाले, ‘म्हणजे खाली-खाली पुष्कळच जास्त असणार.’ त्या दिवशी जर्मनीचा फेलिक्स लोख, दोन वेळचा विजेता, तीन फेऱ्यांपर्यंत पहिला होता. चौथ्या फेरीत एका वळणावर त्याचा तोल गेला आणि तो थेट पाचवा झाला. ‘अरे अरे,’ असे अप्पा म्हणाले. चौथ्या फेरीला फक्त पहिले वीस जण जातात. केशवनच्या तीनच फेऱ्या झाल्या, सगळ्या मिळून अडीच मिनिटांच्या आत. चौतिसावा. तो गाडीवर उठून बसला, हात हलवला आणि संपले.

मी गप्प बसले. ‘कितवा’ची वाट पाहत होते. मधल्या वीस वर्षांत मी त्या प्रश्नाची पुष्कळ उत्तरे तयार करून ठेवली होती.

अप्पा म्हणाले, ‘मागच्या खेपेला हाच पडला होता, असे म्हणाली होतीस ना तू? पडून परत चढला, तो?’

‘हो.’

‘कसा चढला? म्हणजे आधी हात टेकले की आधी कंबर उचलली?’

मला सांगता येईना. मुलाने सोचीची ती चित्रफीत शोधून काढली. अप्पांनी चष्मा मागितला. एकदा पाहिली, मग ‘पुन्हा लाव’ म्हणाले, मग मध्येच थांबवायला लावून बोटाने काहीतरी दाखवू लागले. ‘हात सुटलेला नाही, बघ. गाडी सोडली असती तर संपले होते. आधी पकड, मग छाती वर, मग बाकीचे.’ गणित सोडवून दाखवल्यासारखे ते नातवाला सांगत होते. पाच-सहा वेळा तरी पाहिली असेल. मग मोबाइल परत दिला आणि कुशीवर वळून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले होते. अप्पांनी आतून हाक मारली. वॉकर भिंतीपाशी होता, तो खाटेला टेकवून ठेव म्हणाले. मी ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे दांडे धरून पाहिले, सोडले, पुन्हा धरले.

‘आज नको ग,’ मी घाईघाईने म्हणणार होते, इतक्यात तेच म्हणाले,

‘फरशी ओली नाही ना, तेवढे बघ.’